भिंगरीच्या टाळ्या

मामांनी भाचीचा पिवळा शर्ट जाळला. मुद्दाम नव्हे. मुद्दाम एखादी गोष्ट तडीस नेण्याइतका नेम मामांच्या हाताला कधीच नव्हता. झालं ते प्रेमापोटी झालं, आणि प्रेमापोटी होणारी नुकसानं जरा जास्तच खोल जातात. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा उमटला तो टोकापासून बुडापर्यंत, इतका रेखीव की इस्त्रीच्या एखाद्या कंपनीने जाहिरातीसाठी मागून न्यावा.

यात वाईट एवढंच की मामांचं स्वतःचंच इस्त्रीचं दुकान होतं. वडिलांकडून मामांच्या वाट्याला दुकान आलं, पण हात आला नाही. त्यामुळे मामा आपले पुढे बसायचे, कपडे घ्यायचे, चिठ्ठ्या टाचायचे आणि ज्याला घाई आहे अशा गिऱ्हाइकाशीच नेमके सविस्तर बोलायचे. इस्त्री करायची भाची. आणि इस्त्री करायला ती का लागली, तर तेही मामांमुळेच.

दुकानात भिंतीवर एक टीव्ही होता. मामांना हव्या असायच्या बातम्या, भाचीला हवी असायची गाणी. मामा-भाचीची ही जुंपाजुंपी रोजचीच झाली तेव्हा मामांनी एक नियम काढला: ज्याच्या हातात इस्त्री, त्याच्या हातात रिमोट. मामांना वाटलं, पोरगी तासन्‌तास उभी कशाला राहतेय! पोरगी दुसऱ्याच दिवशी उभी राहिली आणि त्यानंतर देशात काय चाललंय हे मामांना गिऱ्हाइकांकडून कळू लागलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. मामांनी त्या धोंड्याला नियमात बसवलं, एवढंच.

तर त्या सकाळी भाची अंघोळीला गेली होती. तिचा पिवळा शर्ट टेबलावर पसरलेला होता. आज आपण स्वतः तिला कडक इस्त्री करून द्यायची, असं मामांच्या मनात आलं. इस्त्री हातात घेतली, आणि नियमाप्रमाणे रिमोटही. बातम्या लागल्या. चौघं जण एकाच वेळी ओरडत होते. त्यातल्या एकाचं म्हणणं मामांना अजिबात पटेना. मामा त्याला रिमोट रोखून खडसावू लागले. उजवा हात टीव्हीकडे, डावा हात इस्त्रीवर, आणि इस्त्री शर्टावर.

भाची डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि दारातच थबकली. काय जळतंय, असं तिने विचारलं. शेजारी काहीतरी करपलं असेल, असं मामांनी सांगितलं. मग दोघांनीही खाली पाहिलं.

ती ओरडली असती तर मामांना बरं वाटलं असतं. तिने शर्ट उचलला, उजेडासमोर धरला, आणि टीव्हीकडे पाहत विचारलं, "कशावर चर्चा होती?"

"पाणीपट्टी," मामा म्हणाले.

"वाढली?"

"ठरलं नाही अजून."

भाचीने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

हिला घरात, दारात, सगळीकडे भिंगरी म्हणत. रांगत होती तेव्हापासून ती एका जागी ठरली नव्हती. झोपेतसुद्धा तिचा एक पाय ताल धरून असायचा. अभ्यासाला बसली की बाकाला थरथर सुटायची आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलींचं अक्षर कायमचं बिघडलं. पण टीव्हीवर गाणं लागलं की तिच्या अंगातली ती सगळी चुळबुळ एका रेषेत यायची, जसे चुंबक फिरवल्यावर लोखंडाचे कण. गाणी, मालिका, नाचाच्या स्पर्धा, जाहिरातींच्या चाली, कुठली नटी कुणावर रुसली, कुठल्या मालिकेतली सासू मध्येच बदलली आणि घरात कुणालाच ते कसं कळलं नाही: भिंगरीला सगळ्याचंच अप्रूप. एखाद्या गवयावर किंवा नटावर भाळणारे असतात; ही त्या अख्ख्या जत्रेवर भाळली होती.

इस्त्रीही तिची गाण्याबरहुकूम चालायची. दोन लांब फेरे, एक पलट, एक थाप. सर, सर, पलट, थाप. संथ गाण्याला ती चादरी घ्यायची, उडत्या गाण्याला रुमाल. टीव्हीवरच्या गाण्याच्या एका मोठ्या स्पर्धेत एक पोरगा नाकात गायचा. त्याचं नाव तिने सर्दी ठेवलं होतं. तो आला की ती आवाज बंद करून कॉलरी उरकून घ्यायची. त्याच्याबद्दल बोलायलाही ती तयार नसायची. हा निवडला जातो कसा, एवढाच तिचा सवाल होता, आणि त्या सवालापायी एकदा एका वकिलांच्या पँटला तिने दोन घड्या पाडल्या होत्या.

एवढा नाद, तेव्हा काहीतरी कला असेलच, असं मामांना वाटायचं. त्यांनी तिला गाण्याच्या बाईंकडे नेलं. बाईंनी महिनाभर प्रयत्न केला आणि मग मामांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला कान आहे, मन आहे, फक्त गळा तेवढा नाही. मग नाचाचा क्लास झाला. तिथे ती स्वतः नाचायची सोडून दुसऱ्यांचं बघत उभी राहायची आणि छान झालं की सगळ्यांत आधी टाळ्या द्यायची. नाचाच्या सरांनी सांगितलं की क्लासला हिच्यामुळे मजा येते, पण फी कशाची घेऊ ते कळत नाही.

मामांची खरी पंचाईत इथेच होती. पोरगी गाते म्हटलं तर मामा लोकांना ऐकवतील, नाचते म्हटलं तर दाखवतील. पण पोरीला नुसतंच आवडतं, याचं काय करायचं? नुसत्या आवडण्याला दुकानाची पाटी लावता येत नाही. मामांना रात्रंदिवस हाच घोर लागला होता, आणि घोर लागला की मामा चिठ्ठ्या चुकीच्या कपड्यांना टाचत.

भिंगरीची आई म्हणजे मामांची ताई. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन भावाकडे आली, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तिने घर असं मांडलं की भाऊच पाहुणा वाटावा. ताईला घोर वगैरे परवडत नसे. ती निर्णय घेई. चौकातल्या दाताच्या डॉक्टरांना पुढच्या टेबलावर बसायला एक शांत मुलगी हवी होती. ताईने त्यांना शब्द देऊन टाकला. शांत या शब्दावर मामा दचकले, पण ताईपुढे दचकण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते.

तेवढ्यात भिंगरीला त्या गाण्याच्या स्पर्धेच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बोलावणं आलं. शहराबाहेर त्यांचा स्टुडिओ होता. घरात वादळ झालं आणि अखेर ताईने सौदा केला: एकदा जा, डोळे भरून बघ, आणि सोमवारपासून डॉक्टरांकडे. मग हे टीव्हीचं खूळ बंद. भिंगरी हो म्हणाली, ते इतक्या चटकन की मामांना संशय आला. साक्षीदार आणि सोबत म्हणून मामांचीच नेमणूक झाली.

आणि स्टुडिओत जायच्याच सकाळी मामांनी शर्ट जाळला. स्टुडिओवाल्यांची अट होती: अंगात भडक, एकरंगी कपडा हवा, पांढरा, काळा आणि बारीक रेघांचा चालणार नाही, कॅमेऱ्यात तो थरथरतो. भिंगरीच्या कपाटात पिवळा सोडला तर सगळं काळं. तिच्या वयाच्या पोरींना काळ्यात काय दिसतं, हे मामांना कधीच दिसलं नव्हतं.

दुकानात मागे एक खुंटी होती. गिऱ्हाइकं जे कपडे न्यायलाच आली नाहीत, ते तिथे लटकत. काही कपडे इतके जुने की त्यांच्या फॅशन जाऊन परत आल्या होत्या. मामांच्या वडिलांचा कायदा होता की गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही. हाताला लागतो तेवढा पुरे. स्वतः वडील एकदा थंडीने कुडकुडत बसले होते, मागे लोकरीच्या कोटांची रांग असताना. पण मामांनी समोर पाहिलं तर भिंगरी जळका शर्ट हातात घेऊन उभी होती, आणि तिचा पाय हलत नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिचा पाय हलत नव्हता. मामांच्याने ते बघवेना. ते खुंटीपाशी गेले आणि त्यांनी एक कोट ओढून काढला.

तो कोट म्हणजे शेंदरी रंगाची आरोळीच होती. बुळबुळीत चमकदार कापड, रुंद कॉलर. चिठ्ठीवरचं नाव केव्हाच उडालं होतं.

"कुणाचाय?" भिंगरीने विचारलं.

"असेल कुणाचा तरी," मामा म्हणाले. "मेला असेल बिचारा."

ताईने कोट पाहिला, भावाकडे पाहिलं, आणि बाबा असते तर, एवढंच म्हणून आत गेली.

स्टुडिओ म्हणजे एके काळचं बटाट्यांचं कोठार. बटाटे गेले होते, पण थंडी त्यांच्या वेळचीच ठेवली होती. आत गेल्या गेल्या फोन काढून घेतले आणि लोकांना रंगांप्रमाणे बसवलं. मामा त्यांच्या खाकी सदऱ्यामुळे खांबाच्या आडोशाला गेले. एक हडकुळा माणूस कानाला यंत्र लावून आणि गळ्यात शिट्टी अडकवून समोर आला. त्याचा आवाज पार बसलेला होता. लोकांकडून टाळ्या काढणं हे त्याचं काम, म्हणून बाकीचे त्याला टाळीवालाच म्हणत.

गाणारं अजून कुणी आलं नव्हतं, पण टाळीवाल्याने टाळ्या मागितल्या. लोकांनी वाजवल्या. मग त्याने उठून उभ्या राहून टाळ्या मागितल्या, मग आ वासायला सांगितलं, आणि हे सगळं कॅमेऱ्याने टिपून घेतलं. मग तो म्हणाला की आता सगळे जरा भावुक होऊ या.

मामांनी खांबामागून विचारलं, कशाने?

"कशानेही, काका. घरचं काहीतरी आठवा."

मामांना शर्ट आठवला. त्यांना खरोखरच रडू कोसळलं, आणि कॅमेरा वळून थेट त्यांच्यावर आला.

मामांना हे सगळं भयंकर वाटलं. गाणं नाही आणि रडणं आधी! हे म्हणजे घोड्याच्या आधी गाडी जुंपणं. त्यांनी हळूच भिंगरीकडे पाहिलं. हिची आता समजूत पटली असेल, जत्रेमागचे बांबू दिसले असतील, असं त्यांना वाटलं आणि मनातल्या मनात त्यांनी तिची समजूत घालायची वाक्यंही जुळवून ठेवली. पण भिंगरी पुढे झुकून बसली होती. डोळे एकदा टाळीवाल्याकडे, एकदा दिव्यांकडे, एकदा मागच्या रांगांकडे. दोन्ही पाय हलत होते. मामांच्या वाक्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

मग गाणी सुरू होणार, तोच दिवे गेले. एक आला, दोन गेले. माणसं शिड्या घेऊन धावू लागली. प्रेक्षक थंडीने आणि कंटाळ्याने आंबले. कुणी चहा मागायला लागलं, कुणी दाराकडे सरकलं. टाळीवाला शिट्टी फुंकून लोकांना बसवत होता, पण शिट्टीलाही आता दम लागला होता. आणि दिवे आले तेव्हा समोर बसला होता एक हॉलभर ओला कपडा. टाळ्या मागितल्या तर पावसाचे थेंब पडावेत तशा चार इकडे, दोन तिकडे.

मामांनी वळून पाहिलं तर भिंगरीची खुर्ची रिकामी. शेंदरी कोट दिसायला वेळ लागला नाही. ती मधल्या वाटेवर उभी होती आणि डाव्या बाजूच्या लोकांना सांगत होती, तुम्ही हात हातावर घासायचे, लांब, दोनदा. उजव्या बाजूला सांगितलं, तुम्ही मग हात उलटे करून एकदा. आणि मागच्यांना, तुमची थाप. सर, सर, पलट, थाप. आधी लोकांना हसू आलं. मग एका आजोबांनी थाप चुकवली तेव्हा तिने त्यांना, आजोबा, तुमच्यासाठी सगळे थांबलेत, असं बजावलं आणि सगळं सभागृह आजोबांसाठी खरंच थांबलं. आजोबांनी थाप दिली. झालं! लोक चेकाळले. वेग वाढला. थंडी कुठल्या कुठे गेली. बटाट्याच्या कोठारात इस्त्रीचं दुकान चालू झालं, आणि तिथे दोनशे मामा होते, पण कुणाचंच काही जळत नव्हतं.

टाळीवाला आधी तिला खाली बसवायला धावला होता. अर्ध्या वाटेत तो थांबला, शिट्टी खिशात टाकली आणि हात हलवून कॅमेरेवाल्यांना खूण केली. गाणी सुरू झाली ती त्या भरातच. भिंगरीला त्याने पहिल्या रांगेत उभं केलं. मामांना खांबामुळे पुढचं फारसं दिसलं नाही. शेंदरी रंग वर जायचा, की मागोमाग सगळं सभागृह वर जायचं, एवढंच कळायचं.

शेवटी टाळीवाला त्या दोघांपाशी आला. त्याचा घसा बसला होता तो आता उठण्यातला नव्हता, असं घशाच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्याने भिंगरीला सरळच सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून ये, मला माणूस हवंय.

"काम काय असतं?" मामांनी विचारलं.

"हेच," टाळीवाला म्हणाला.

परतताना बसमध्ये भिंगरीची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर वाजत होती. मामांना बसवत नव्हतं आणि उभं राहायला जागा नव्हती. ताईशी सौदा झाला होता. आईला काय सांगणार, असं त्यांनी विचारलं. खरं, असं भिंगरीने सांगितलं. मामांनी सुस्कारा सोडला. ताईला खरं सांगण्याचे प्रसंग त्यांनी आयुष्यभर मोठ्या कौशल्याने टाळले होते.

ताईने ऐकून घेतलं. हातातल्या उशीच्या खोळीला नीट घडी घातली.

"टाळ्या पिटायची नोकरी," ती म्हणाली. "आणि टाळ्या संपल्या की?"

ताईने मग आपला निर्णय दिला: आधी मी टीव्हीवर बघेन. बघण्यासारखं असेल तर ठीक, नसेल तर सोमवारचा सौदा ठरल्याप्रमाणे. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागणार होता. म्हणजे मधले दिवस तिघांनीही नुसतं तळमळायचं. त्या दिवसांत भिंगरीने इतकी इस्त्री केली की गिऱ्हाइकांना कपडे वेळेच्या आधी मिळू लागले आणि त्यांना संशय यायला लागला. मामांनी वकिलांचा काळा कोट शाळेच्या मुख्याध्यापिकेला दिला. आणि दारात सावली पडली की मामा आधी खुंटीकडे बघत. शेंदरी कोट परत तिथे लटकवला होता. तो टीव्हीवर दिसणार, आणि त्याचा धनी जिवंत असला तर, या विचाराने त्यांना घास उतरेना.

रविवारी ताई पहिल्यांदा दुकानात टीव्हीसमोर बसली. आजवर तिने टीव्ही फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. पहिली गाणी झाली. शेंदरी रंग मधूनच चमकून जायचा. मग सर्दी आला. नाकात गायला, नेहमीसारखाच. गाणं संपलं आणि पडद्यावर, खांबाच्या कडेला, मामा दिसले. ढसाढसा रडत होते.

"तू का रडतोयस?" ताईने विचारलं.

"शर्ट आठवला."

ताई हसली. ती हसते तेव्हा तिच्या खांद्यांना कळतं, तोंडाला कळत नाही. आणि मग मामांच्या रडण्यानंतर लगेच पडद्यावर भिंगरी आली. सर्दीसाठी उभी राहून, हात डोक्यावर नेऊन टाळ्या देत होती, मान मागे वळवून लोकांना उठवत होती, आणि मागे लोक उठत होते. ताईचं हसणं थांबलं. ती जरा पुढे सरकून बसली. मामांच्या मनात मात्र काहीतरी टोचलं. सर्दीसाठी? जिने त्याचा आवाज कायम बंद केला, ती?

कार्यक्रम संपला तरी ताई उठली नाही. बराच वेळ जाहिराती बघत राहिली.

"एवढ्या माणसांत ही एकटीच जागी आहे," ती म्हणाली. मग उठून पदर खोचला. "डॉक्टरांना मी शब्द दिलाय. शब्द काही मोडायचा नाही. सोमवारी मी जाते."

आणि ती खरंच गेली. डॉक्टरांना शांत माणूस हवं होतं; ताईइतकं शांत माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती नुसती बघते आणि दाताचे रोगी आवाज न करता रांगेत बसतात. तिच्यापुढे खुर्चीतली ती यंत्राची सुई बरी, असं एक जण मामांना सांगून गेला.

त्याच सोमवारी दुकानाच्या दारात सावली पडली. गाडी चालवायला शिकवणारे सर होते ते. सगळ्या गावाला डावी-उजवी शिकवून त्यांचा आवाज खर्जात गेला होता. त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. कोट काढून देताना ते स्वतःच सगळं सांगायला लागले: शर्ट, इस्त्री, पाणीपट्टी. सरांनी पाणीपट्टीपर्यंत ऐकलं आणि हात वर करून थांबवलं, जसं ते चढावर शिकाऊ पोरांना थांबवत.

सर तरुणपणी हॉटेलांत गायचे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कोट घालून ते रोज संध्याकाळी गायचे आणि समोर लोक जेवायचे. चमच्यांचा आवाज व्हायचा, टाळ्यांचा नाही. एक दिवस त्यांनी कोट इस्त्रीला टाकला आणि परत न्यायचा नाही असं ठरवून टाकलं. हे सगळं त्यांनी कोटाच्या बाहीत हात घालता घालता सांगितलं. कोट पोटाशी आला आणि तिथेच अडला. त्यांनी तो उतरवला आणि टेबलापलीकडे उभ्या भिंगरीपुढे धरला.

"तुझ्या अंगात याला टाळ्या मिळाल्या," ते म्हणाले. "माझ्या अंगात मिळाल्या नाहीत. तुलाच ठेव. पण कॉलर मुडपली होती तुझी. सगळा कार्यक्रमभर मला तेवढंच दिसत होतं."

भिंगरीने लगेच कोट टेबलावर पसरला आणि कॉलरीवर फवारा मारला. सर ती नीट झाल्याचं पाहूनच गेले.

आता ती आठवड्यातले काही दिवस स्टुडिओत असते आणि उरलेले दुकानात. टाळीवाला तिला शिट्टी देऊ करत होता. तिने घेतली नाही. दुकानात ती नसते तेव्हा नियमाप्रमाणे इस्त्री आणि रिमोट दोन्ही मामांच्या हातात येतात. मामांना वाटलं होतं की आपल्याला आता बातम्याच बातम्या. पण ते बटण दाबतात आणि गाण्याची स्पर्धाच लावतात, आणि शेंदरी रंग दिसतोय का ते बघत बसतात. इस्त्री ते आधी बाजूला ठेवतात. एवढी अक्कल त्यांना एका शर्टात आली.

पण ते टोचलेलं जात नव्हतं. सर्दी फेरीमागून फेरी पुढे जात होता आणि भिंगरी फेरीमागून फेरी त्याच्यासाठी सभागृह उठवत होती. मामांना वाटे, पोरीचं जे काही होतं ते हेच तर होतं, की तिला खरोखर आवडायचं. गळा नव्हता, पाय नव्हते, पण आवड अस्सल होती. आता तीही भाड्याने दिली तर पोरीकडे उरलं काय? आपणच नेऊन सोडलं की काय तिला तिथे? ते उठत, बसत, चिठ्ठ्या टाचत, परत काढत. दोनदा विचारायला म्हणून गेले आणि साबण आहे का एवढंच विचारून परत आले.

एका दुपारी भिंगरी टेबलाशी उभी होती. गिऱ्हाईक नव्हतं. टीव्हीवर सर्दी गात होता, आणि तिने सवयीने आवाज बंद केला आणि कॉलरी घ्यायला लागली. मामांना तेवढं निमित्त पुरलं.

"इथे त्याचा आवाज बंद करतेस," ते म्हणाले, "आणि तिथे त्याच्यासाठी उड्या मारून टाळ्या देतेस. जे आवडत नाही, त्याला मान देताना मनाला काही वाटत नाही का गं?"

भिंगरीच्या हातात तेव्हा एका म्हाताऱ्या पोस्टमनचा शर्ट होता. कॉलर विरलेली, कोपर गेलेलं, खिशाची शिवण उसवलेली. तो दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला तितकीच कडक घडी घेऊन जायचा. तिने दोन लांब फेरे घेतले, पलटला, थाप दिली, आणि मामांकडे न बघताच म्हणाली,

"फाटक्या शर्टालाही आपण कडकच इस्त्री करतो ना, मामा."